साळवेदादांच्या हातातली तार

जानेवारीतली सकाळ होती. नोएडात धुकं इतकं दाट की समोरच्या इमारतीतले दिवे तेवढे दिसत होते. मी मटार सोलत बसले होते आणि फोन वाजला. एस्तेरवहिनींचा, साळवेदादांच्या पत्नींचा. इतक्या सकाळी त्या कधी फोन करत नाहीत. "कल्याणी, हे गेले गं," एवढंच म्हणाल्या. मागे कुणीतरी अँब्युलन्सवाल्याला हिंदीत परत जायला सांगत होतं, ते मात्र स्पष्ट ऐकू येत होतं. मी "येते" म्हणाले, फोन ठेवला, आणि का कोण जाणे, उरलेले मटार आधी सोलून संपवले. मग रडू आलं.

त्यांचा मुलगा अजय परदेशातून पोचेपर्यंत थांबायचं ठरलं. मग गाझियाबादच्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही मोजकी माणसं जमलो. पाळकांनी प्रार्थना हिंदीत केली. वहिनींच्या आग्रहाखातर शेवटी एक मराठी गीत झालं, पण ते येणारे आम्ही तिघं-चौघंच, आणि दुसऱ्या कडव्याला आमचीही गाडी अडखळली. त्यांच्या कॉलनीतल्या एका बाई माझ्याजवळ आल्या आणि कुजबुजल्या, "आप इनकी बहन हैं?" मी म्हटलं, "नहीं, ऑफिस में साथ थे." त्यांचा माझ्यातला रस तिथेच संपला. ऑफिसातली ओळख म्हणजे लोकांना पायपुसण्याइतकी स्वस्त वाटते. पण फरीदाबादच्या त्या ऑफिसात साळवेदादा एकदा जसे वागले तसे वागले नसते, तर मी खोटारडी ठरून मिरजेला परत गेले असते आणि पुन्हा कधी कुणाच्या ड्रॉइंगला हात लावू शकले नसते. हे मी इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही. ते असताना लिहिलं असतं तर रागावले असते.

मी मिरजेची. मशीन ड्रॉइंगचा डिप्लोमा केला, जाहिरात बघून अर्ज टाकला आणि नव्वदीच्या सुरुवातीला, घरच्यांशी कडाक्याचं भांडण करून, फरीदाबादला आले. वडिलांनी जाऊ दिलं, पण एका अटीवर: तुझ्याबद्दल वेडंवाकडं काही कानावर आलं की त्याच दिवशी परतीची गाडी. कारखाना ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स बनवणारा. देशाची दारं नुकती उघडली होती आणि आमच्या मालकांनी एका परदेशी कंपनीशी भागीदारी केली होती, त्यामुळे एका उन्हाळ्यात ड्रॉइंग बोर्ड गोदामात गेले आणि त्यांच्या जागी युनिक्सवर चालणारी पाच वर्कस्टेशन आली. हॉलला एसी लागला, खाली गालिचा आला, बाहेर चपला काढायचा नियम आला. डिझाइनचे मुख्य मल्होत्रा साहेब सगळी हयात बोर्डवर उभं राहून काम केलेले. त्यांना या मशीनची भीती वाटे आणि ज्याची भीती वाटे त्याला ते नमस्कार करत. "मशीन झूठ नहीं बोलती," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसं बोलतात, असा त्याचा उरलेला अर्धा भाग आम्ही समजून घ्यायचा.

प्रभाकर साळवे या मशीनचे सांभाळणारे. जन्म दिल्लीतला. आजोबा अहमदनगरकडून छापखान्यातल्या नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. पहिल्या दिवशी माझं हिंदी ऐकून त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "मराठी का? अच्छा! मग असं कर, आज माझ्या डब्यातलं खा, कँटीनचे राजमे उद्यापासून." त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांमागे एक 'बिल्कुल' आणि एक 'चलो' असायचं. कोशिंबिरीला ते रायता म्हणत, आणि 'सांडशी' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडून ऐकला. मी खूप चिडवायची त्यांना. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण चिडवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही. एकदा नुसते म्हणाले, "तू येण्याआधी इथे माझ्याशी मराठी बोलायला कोण होतं, यार? टिफिनच?"

मशीनना नावं द्यायची वेळ आली तेव्हा हॉलमध्ये जुंपली होती. कुणाला नद्या हव्या, कुणाला देव हवेत, प्लॉटर सांभाळणारे बोसदा मिठायांची नावं सुचवत होते. साळवेदादा गाझियाबादहून दोन बस बदलून यायचे, त्यातली दुसरी मथुरा रोडची. त्यांनी त्या बसचे स्टॉप मांडले: बदरपूर, सराय, निजामुद्दीन, भोगल, आश्रम. यावर भांडायला कुणालाच काही सापडलं नाही. माझ्या वाट्याला 'भोगल' आली. 'आश्रम'ला मोठा प्लॉटर जोडलेला होता. आम्ही आपापल्या मशीनवर काढलेलं पक्कं ड्रॉइंग 'आश्रम'कडे पाठवायचं आणि बोसदांनी तिथून कागदावर उतरवून फाउंड्रीत द्यायचं, अशी रीत पडली. कुणी नवा माणूस हॉलमध्ये आला आणि "आश्रम आज बंद आहे, भोगलवरूनच परत फिरा" असं ऐकलं की चक्रावून जायचा.

आता थोडं यंत्राचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनला नावं कळत नाहीत, आकड्यांचे पत्ते कळतात. म्हणून प्रत्येक मशीनमध्ये एक छोटी फाइल असते. या नावाचा हा पत्ता, त्या नावाचा तो पत्ता, असं एका ओळीखाली एक. मशीन वरून वाचत येतं आणि नाव जिथे पहिल्यांदा सापडेल तोच पत्ता खरा धरतं. त्यातली अगदी पहिली ओळ खास असते: तो प्रत्येक मशीनचा स्वतःला हाक मारायचा पत्ता. त्या ओळीत साळवेदादा ज्या-त्या मशीनचं स्वतःचं नाव लिहीत, कारण आमच्या ड्रॉइंगच्या प्रोग्रामला ते लागे. ही फाइल प्रत्येक मशीनवर वेगळी, हातानं लिहायची आणि हातानंच सांभाळायची.

परदेशी भागीदारांनी गुडगावला नवं ऑफिस काढलं. तेव्हा गुडगाव म्हणजे सरसोंची शेतं आणि मधेच उगवलेली काचेची इमारत. आमची मशीन त्यांच्या नेटवर्कच्या जाळ्यात जोडायची म्हणून सगळे पत्ते बदलायचे ठरले. एका शनिवारी साळवेदादांनी 'आश्रम'वर बसून नवी फाइल लिहिली, फ्लॉपीवर घेतली आणि एकेका मशीनपाशी जाऊन ती उतरवत गेले. प्रत्येक ठिकाणी पहिल्या ओळीतलं 'आश्रम' खोडून त्या मशीनचं नाव घालायचं, आणि मग तिथून आश्रमला हाक मारून बघायचं. समोरून ओ आली की पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटे, आश्रम जिवंत आहे. हॉलभर त्या दिवशी ते हे वाक्य बस कंडक्टरच्या सुरात म्हणत फिरत होते. मधेच वीज गेली, फरीदाबादची नेहमीची, ती तासाभरानं आली. त्यांनी राहिलेलं काम उरकलं आणि आम्ही घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात मी गिअरबॉक्सच्या घराचं, म्हणजे त्याच्या बाहेरच्या लोखंडी कवचाचं, सुधारलेलं ड्रॉइंग संपवलं. बेअरिंग बसायच्या भोकाचं माप बदललं होतं, तेवढाच बदल, पण तोच महत्त्वाचा. ते मी 'आश्रम'कडे पाठवलं, पोचलं का ते बघितलं, 'आश्रम'च्या कप्प्यात ते दिसत होतं. मग बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी घेऊन मिरजेला गेले.

परत आले त्या मंगळवारी हॉलमध्ये शिरताच कळलं की काहीतरी बिनसलंय. कुणी लग्नाचं विचारेना, लाडू हातात घेईना. मल्होत्रा साहेबांच्या टेबलावर ओतलेल्या लोखंडाचं एक घर ठेवलं होतं. भोक जुन्या मापाचं. अख्खा लॉट तसाच ओतून झाला होता आणि गुरुवारी परदेशी इंजिनियर तपासणीला येणार होता. "ड्रॉइंग क्यों नहीं भेजी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भेजी थी. बोसदा खाली बघत म्हणाले, "नहीं आई, कल्याणी. पुरानी वाली ही थी." मी म्हटलं, चला, दाखवते. सगळे माझ्या मागे 'भोगल'पाशी आले. मी 'आश्रम'चा कप्पा उघडून दाखवला: हे बघा, हे माझं ड्रॉइंग, मी गेले त्या दिवसाची तारीख. माझा जीव भांड्यात पडला. मल्होत्रा साहेब हॉलच्या दुसऱ्या टोकाला 'आश्रम'पाशी गेले आणि बोसदांना तोच कप्पा उघडायला सांगितला. तिथे जुनंच ड्रॉइंग. माझं नव्हतं.

मी दोनदा या मशीनवरून त्या मशीनवर गेले. इथून बघितलं की आहे. तिथून बघितलं की नाही. मल्होत्रा साहेबांनी सगळ्यांसमोर निर्णय देऊन टाकला. 'आश्रम' म्हणजे खुद्द ज्याच्यात ड्रॉइंग असायला हवं ते मशीन, ते नाही म्हणतंय, आणि मशीन खोटं बोलत नाही. मग उरलं कोण? "छुट्टी की जल्दी में भूल गई, और अब स्क्रीन पर कुछ बना के दिखा रही है. भूल माफ़ हो जाती है. झूठ नहीं." मी काय काय बोलले मला आठवत नाही. आवाज चढला होता, एवढं नक्की. माझा आवाज चढला की माझीच बाजू लंगडी पडते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मल्होत्रा साहेबांनी बजावलं, उद्यापर्यंत सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि राजीनामा द्यायचा, नाहीतर ते स्वतः काढणार आणि का काढलं ते विचारणाऱ्या प्रत्येक कारखान्याला सांगणार. हॉलमधल्या एकानंही मान वर केली नाही. मला त्यांचा राग अजूनही आहे. लग्नाचे लाडू तसेच डब्यात राहिले.

साळवेदादा त्या दिवशी तिथे नव्हते. ते गुडगावला होते. नव्या ऑफिसातल्या सगळ्या मशीनचा मुख्य म्हणून त्यांचं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं. एस्तेरवहिनींनी तिकडे घरं बघायलाही सुरुवात केली होती. बुधवारी सकाळी ते आले, मफलर गळ्यात, टिफिन हातात. माझा चेहरा बघून सरळ माझ्यापाशी आले. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तू पाठवलंस ना?"

"हो."

"मग ते कुठेतरी पोचलंय. चलो, शोधू."

इतकं साधं. पुन्हा विचारलं नाही, डोळ्यात बघितलं नाही, पक्कं का म्हणून खुंटा हलवला नाही. आदल्या दिवसापासूनचं रडू तेव्हा बाहेर आलं आणि ते सभ्यपणे पडद्याकडे बघत राहिले.

'भोगल'वरून त्यांनी 'आश्रम'ला हाक मारली. जिवंत आहे. कप्पा उघडला. ड्रॉइंग आहे. उठून 'आश्रम'पाशी गेले, बघितलं, परत आले. पुन्हा हाक मारली. मग ती पत्त्यांची फाइल उघडली आणि... थांबले. मी त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी होते. मला ती फाइल बघून काही कळण्यासारखं नव्हतं, पण त्यांचे कान हळूहळू लाल होत गेलेले मला दिसले. त्यांनी कीबोर्डवरचे दोन्ही हात काढून घेतले आणि मांडीखाली दाबून ठेवले.

"काय झालं, दादा?"

"याला आता कुणी हात लावायचा नाही. मी पण नाही." आवाज अगदी खाली गेला होता. "पहिली ओळ बघ. इथे आश्रमच राहिलंय. भोगल लिहायचं होतं. तू आश्रम म्हणून हाक मारत होतीस ती स्वतःलाच. पाठवलंस ते तुझ्याच मशीनमधे पोचलं. आणि मी त्या दिवशी तपासलं, तर त्याला ओ कोण देणार? हेच." मग म्हणाले, "हे मी केलंय, कल्याणी."

मला खरं सांगायचं तर आधी नुसता आनंद झाला. मी खोटी नव्हते, एवढंच डोक्यात गेलं. त्यांच्यावर काय येणार याचा विचार पोचायला वेळ लागला. ते उठले, मल्होत्रा साहेबांच्या केबिनमध्ये गेले, मला सोबत घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मल्होत्रा साहेब दुष्ट नव्हते. त्यांना दादांबद्दल माया होती, आणि म्हणूनच त्यांनी जे सुचवलं ते सुचवलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "साळवे, पागल हुआ है? गुडगाँव में तेरा नाम ऊपर गया हुआ है. एक शब्द की बात है ना? जा के ठीक कर दे. लड़की को वॉर्निंग दे के छोड़ देता हूँ, नौकरी रहेगी इसकी. बात ख़त्म."

माझी नोकरी राहत होती. दादांचं गुडगाव राहत होतं. एक शब्द खोडायचा, बस. हॉलमध्ये सगळ्यांना मी खोटं बोलले असंच वाटत राहिलं असतं, पण त्यांचं काय एवढं... मी हा सगळा हिशेब करत असताना दादा माझ्याकडे वळले आणि मराठीत, मल्होत्रा साहेबांना कळणार नाही अशा बेतानं म्हणाले, "तुला चालेल का? तुझं नाव आहे, तू सांग."

त्यांनी मला का विचारावं? आजवर मला हे कोडं आहे. स्वतःच ठरवून मोकळे झाले असते तर माझ्यावर ओझं आलं नसतं. पण नाव माझं होतं आणि ते परस्पर विकायचा अधिकार त्यांना वाटत नव्हता, ना स्वतःच्या फायद्यासाठी, ना मोठेपणासाठी. मला त्यांचं घर माहीत होतं, वहिनी माहीत होत्या, रोजच्या दोन बस माहीत होत्या. मी मान हलवली. नाही.

"बिल्कुल," ते म्हणाले, आणि दार उघडून हॉलमध्ये गेले.

त्यांनी सगळ्यांना 'भोगल'पाशी बोलावलं, आदल्या दिवशी जे जे उभे होते त्या सगळ्यांना. खुर्चीवर बसले नाहीत. मशीनच्या पाठीमागे वाकले आणि जाळ्याची तार काढून हातात घेतली. काळी, बोटाएवढी जाड तार. ती वर धरून म्हणाले, "अब यह मशीन किसी से जुड़ी नहीं है. ठीक? बोसदा, आप खुद टाइप कीजिए. आश्रम को बुलाइए." बोसदांनी एका बोटानं टाइप केलं. पडद्यावर ओळ उमटली: आश्रम जिवंत आहे. तार दादांच्या हातात होती आणि मशीन ठामपणे सांगत होतं की पलीकडे आश्रम आहे, ऐकतोय, उत्तर देतोय.

मल्होत्रा साहेब मशीनमागे वाकले, दुसरी एखादी तार आहे का ते त्यांनी चाचपून बघितलं. मग सरळ होत विचारलं, "तो ये बात किससे कर रही है?"

"अपने आप से, सर. मेरी ग़लती से. कल्याणी ने भेजा था. कल भी सच बोल रही थी, आज भी." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, त्यांनी ते कसं झालं तेही सांगितलं. बाकीच्या मशीन आधी केल्या, नीट केल्या. हिची शेवटी ठेवली. आमच्यात पंगतीला पाहुण्यांना आधी वाढतात, घरचे मागून बसतात, तसं. घरचीच आहे, सांभाळून घेईल. ती मागे ठेवली, वीज गेली, आली तेव्हा घाई झाली आणि पहिली ओळ राहिली. हे त्यांनी हिंदीत सांगितलं आणि पंजाबी-बंगाली मंडळींना ते कितपत समजलं कोण जाणे. मला मात्र त्या शनिवारी "तुझी शेवटी करतो हं" म्हणताना ते किती सहज हसले होते, ते आठवलं.

मल्होत्रा साहेबांनी माझी माफी मागितली नाही. चहा मागवला आणि माझा कप स्वतः उचलून माझ्या हातात दिला. त्यांच्या दृष्टीनं ती माफीच होती, आणि मीही ती घेतली. गुडगावची जागा बाहेरच्या एका माणसाला मिळाली. कारण कुणी बोलून दाखवलं नाही. लॉट वितळवून पुन्हा ओतला गेला. दोनेक वर्षांनी आमचा डिझाइन हॉलच बंद झाला आणि दैवाची गंमत बघा, मला नोकरी लागली ती गुडगावच्या त्याच काचेच्या इमारतीत. साळवेदादांनी गाझियाबादच्या एका शाळेत संगणक शिकवायला घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. माझ्या नव्या नोकरीचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन खाल्ले आणि तिथल्या मशीनना काय नावं आहेत ते विचारलं. नुसते आकडे आहेत म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

एस्तेरवहिनी मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत. मग एकदा, अजयच्या लग्नाच्या धामधुमीत, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही, मला माहीत होतं गं. पण ह्यांच्यावर रागावता येईना, मग तुझ्यावरच रागावले." मी म्हटलं, "बरं केलंत." आणि आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी त्यांनी मला 'अहो-जाहो' करायचा औपचारिकपणा सोडला तो कायमचा.

त्या प्रकरणानंतर दादांना एक खोड जडली. जिथून काम केलं तिथूनच ते झालं की नाही हे ठरवायचं नाही. उठून पलीकडे जायचं आणि तिथून बघायचं. घराच्या बेलची बॅटरी बदलली की खाली उतरून, गेटबाहेर जाऊन, पाहुण्यासारखे परत येऊन बेल वाजवायचे. शाळेत मुलं "सर, समझ गए" म्हणाली की शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि त्यांना समजावून सांगायला लावायचे. माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी फोनवर म्हटलं, सगळं ठीक आहे, येऊ नका. संध्याकाळी दारात हजर. "तू ठीक म्हणालीस ते ऐकलं," म्हणाले, "चलो, आता बघतो." आम्ही याची खूप टिंगल करायचो.

अजय दोन आठवडे राहून परत गेला. वहिनी त्याच्याबरोबर जायला तयार नव्हत्या. मी रोज फोन करायची. "ठीक आहे गं मी. जेवले. झोप लागते." रोज तेच, त्याच आवाजात, मी विचारायच्या आतच. परवा पुन्हा तेच ऐकलं, फोन ठेवला आणि पर्स घेऊन निघाले.

वहिनींनी दार उघडलं. केस विंचरलेले, साडी नीट. "सांगितलं ना फोनवर, ठीक आहे म्हणून?"

"सांगितलंत."

"मग कशाला आलीस एवढ्या लांब?"

"बघायला आले."

त्या दारातच उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू मोडत गेला. दफनाच्या दिवशी न रडलेली बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. "हे असंच म्हणायचे गं," एवढंच मधून मधून ऐकू येत होतं. मला दादांची फार आठवण झाली. मग त्यांना बाहेरच्या खुर्चीत बसवून मी आत गेले. गॅस थंड होता. फ्रिज उघडला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून दिलेले डबे एकावर एक रचलेले, एकाचंही झाकण उघडलेलं नाही. मी कुकर लावला आणि एकेक झाकण उघडून काय काय चांगलं राहिलंय ते बघायला लागले.